घेतलं

एप्रनच्या खिशातून दात निघाले. न्हाणीघरात उभी राहून मी रोजच्यासारखे खिसे रिकामे करत होते. पेन, चिकटपट्टीचं रीळ, चुरगळलेला मास्क, आणि तळाशी तोंड मुडपलेला एक कागदी कप. कप उघडला तर आत वरची कवळी, गुलाबी हिरड्यांसकट, आणि एका दाढेला चिकटलेला तुळशीच्या पानाचा तुकडा. कप हातातून पडला नाही हेच नवल. दाराबाहेर आई टॉवेल घेऊन उभी होती. तिला माझ्या खिशांची धास्ती आहे, कारण एकदा त्यातून कुणाचं तरी कापलेलं जानवं निघालं होतं. ती म्हणाली, "ईशे, काय निघालं? राहू दे, पहले नहा, मग बोल." मी म्हणाले, दात. "कुणाचे?" एका आजोबांचे, सकाळच्या पेशंटचे. मग आई म्हणाली, "घरात नको आणूस. जिन्यात ठेव. जिन्यात पण नको, तिथून बाबा पूजेला जातात." शेवटी तिने खिडकीच्या गजाबाहेर एक नारळाची करवंटी टांगली आणि मी चिमटीने कप तिच्यात ठेवला. करवंटी दोरीला हलत राहिली आणि मी अंगावर पाणी घ्यायला लागले.

मला किळस फार लवकर येते. हे काही मोठेपणाने सांगत नाही. दुधावरची साय ओठाला लागली तरी मी तोंड धुवायला पळते. दुसऱ्याने पुसलेला टॉवेल, ताटाच्या कडेला काढून ठेवलेली मिरची, बसच्या दांड्याचा कोमट ओलावा, सगळ्याची मला शिसारी येते. लहानपणी घरात मला शीताई म्हणत. या शीताईने डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून पॅरामेडिकचा कोर्स घेतला तेव्हा बाबा पोट धरून हसले होते. काशीत यात्रेकरूंची धार्मिक कामं करणारे माझे बाबा, त्यांना वाटलं महिन्याभरात परत येईल. पण मला त्या कामात एक गोष्ट फार आवडली, ग्लव्हज. आमच्या घरात सोवळं असतं, ओवळं असतं, पारोसं असतं, आणि कुणी कशाला शिवायचं याचे शंभर नियम असतात, तरी शेवटी हात उघडाच. इथे कुणीतरी छापील कागदावर लिहून दिलं होतं की माणूस हा घाण वाटण्यासारखा असतो, तेव्हा आधी हातमोजे घाला. मला ते वाचून बरं वाटलं होतं. दोन वर्षं मी ओकाऱ्या, लघवी, गळवं, पानाच्या पिंका सगळं त्या पातळ रबराआडून पाहिलं आणि मला वाटायला लागलं की मी सुटले. प्लेसमेंटचा हा शेवटचा महिना. लॉगबुकात अँब्युलन्सवरचे चाळीस पेशंट सहीसकट भरले की परीक्षेला बसता येतं. दातवाले आजोबा माझे एकोणचाळिसावे.

पाणी डोक्यावरून घेताना मला घरघर ऐकू आली. नळातली नव्हती. सकाळची होती. नऊच्या सुमाराला कॉल आला, ब्रह्मा घाटाकडच्या एका धर्मशाळेत वृद्ध यात्रेकरू बेशुद्ध. माझं घर तिथून चार गल्ल्यांवर. गाडी मोठ्या रस्त्यावर सोडून आम्ही आत शिरलो, पुढे देवदत्त सर, मागे बॅग पाठीला लावलेली मी. सर माझे सुपरवायझर, पंधरा वर्षं अँब्युलन्सवर काढलेला सरळ माणूस, चालताना बोलत नाही. ज्या गल्लीत मी लहानपणी शेण चुकवत उड्या मारल्या तिथून मी हातमोजे घालून चालले होते, आणि ओळखीचा मिठाईवाला माझ्याकडे अनोळखी बघत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कॉटवर आजोबा उताणे पडले होते, घामाने चिंब. त्यांच्या उशाशी पन्नाशीच्या बाई. जिन्याच्या उंच पायऱ्यांनी माझ्या तोंडून "अगं आई" निघालं होतं, ते त्यांनी ऐकलं. "मराठी का तू?" त्या म्हणाल्या आणि माझा कोपर धरला. "देव पावला. मी शरदिनी, कराडहून आलोय. हे माझे वडील, आबा. बिंदुमाधव नाव यांचं, इथल्या देवाचं. जन्मभर म्हणत होते, एकदा माझ्या नावाच्या देवाला बघून येतो." आबांना मधुमेह होता. सकाळचं इंजेक्शन घेतलं होतं आणि एकादशी म्हणून पोटात काही नव्हतं. एवढं ऐकून सरांनी बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला, अठ्ठावीस.

साखर अठ्ठावीस म्हणजे माणूस मेलेला दिसतो आणि मेलेला नसतो. शिरेतून ग्लुकोज गेलं की पाच मिनिटांत उठून बसतो आणि तुम्ही कोण म्हणून विचारतो. आमच्या कामात याच्याइतकं सोपं आणि सुखाचं दुसरं काही नाही. सर म्हणाले, "ग्लूकोज निकालो, मैं कुर्सी मँगवाता हूँ," आणि फोनला रेंज मिळेना म्हणून जिन्यात गेले. मी आबांकडे पाठ करून बॅगेपाशी बसले. बेशुद्ध माणसाला आधी कुशीवर वळवायचं असतं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी वळवलं नाही. मला तो घाम नको होता. अजून एक मिनिट नको होता, एवढंच. मी ग्लुकोज शोधत होते, आणि मागून शरदिनीताईंनी विचारलं, "जातायत का गं आबा?"

कामावर मी हिंदीत असते. मराठी माझी घरातली, आईशी भांडायची, देवाजवळ पुटपुटायची. दोन वर्षांत एकाही पेशंटशी मी मराठीत बोलले नव्हते, बोलायची वेळच आली नव्हती. नातेवाईक दिवसातून वीस वेळा विचारतात, ले जा रहे हैं क्या, आणि मी न वळता सांगते, हाँ, जा रहे हैं, बस दो मिनट. तेच मी सांगितलं. फक्त त्यांची भाषा म्हणून मराठीत सांगितलं. "हो, जातायत. दोनच मिनिटं." बॅगेतल्या कप्प्याची चेन अडकली होती, मी ती ओढत होते. माझ्या घरात कुणी मरत नाही, जातं. आजोबा गेले, मावशी गेली, शेजारचे शास्त्री जातायत, चला लवकर. हे ऐकत मी वाढले, आणि तरी तो शब्द तोंडातून गेला तेव्हा मला काही वाजलं नाही. मागे काहीतरी धातूचं कट्कन उचकटलं. मग पाण्याचा आवाज. मग घरघर.

त्यांनी गंगेचा गडू फोडला होता. झाकण झाळून बंद केलेला तांब्याचा गडू, घरी नेऊन पूजा करायला म्हणून आदल्या दिवशी घेतलेला. कुलपाच्या किल्लीने त्याचं झाकण उचकटून, वर तुळशीचं पान ठेवून, त्यांनी ती धार आबांच्या तोंडात सोडली होती. पळीने नाही, धार. वेळ थोडा होता ना, दोनच मिनिटं. आबांच्या नाकातून पाणी येत होतं. मी त्यांना कुशीवर ओढलं, तोंडात बोटं घातली, कवळी निसटून माझ्या तळव्यात आली, कोमट आणि बुळबुळीत, आणि मी ती कशात तरी कोंबली. पाणी ओढून काढायच्या हातपंपाची नळी घशात घातली, चार वेळा दाबली, पाचव्यांदा पंप गच्च झाला. नळीच्या तोंडाशी तुळशीचं पान बसलं होतं, सपाट, हिरवं, जसं काही तिथलंच. मी ते चिमटीने काढलं. तेवढ्यात सर धावत आले. पुढचं सगळं त्यांनी केलं, आणि चार मिनिटांनी आबांनी डोळे उघडले, खोकले, आणि खुर्चीतून जिना उतरताना म्हणाले, "शरे, माझे दात कुठं गेले?" सगळे हसले. मीही हसले बहुतेक. गाडीत शरदिनीताईंनी माझा हात त्यांच्या मांडीवर घेऊन ठेवला, ग्लव्हजसकट, आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

हॉस्पिटलच्या पायरीवर बसून सरांनी नोंद लिहिली. मी डोकावले. लिहिलं होतं, परिजनों ने गंगाजल पिलाया, हमारे पहुँचने से पहले. मी म्हणाले, "सर, पहले नहीं, हमारे सामने." ते पेन थांबवून म्हणाले, "तुम्हारी पीठ थी. मैं सीढ़ी पर था. किसने देखा? तो पहले ही हुआ न." आवाजात लबाडी नव्हती, थकलेला हिशोब होता. पेशंटजवळ कुणी तरी तोंडाकडे बघत बसायला हवं होतं आणि दोघांपैकी कुणी बसलं नव्हतं, एवढंच त्यांना माहीत होतं. मी मराठीत काय बोलले ते त्यांना कळायचं कारणच नव्हतं. त्या खोलीत मराठी समजणारी माणसं तीनच होती, आणि त्यातलं एक बेशुद्ध होतं. त्यांनी माझ्या लॉगबुकात तारीख टाकली आणि म्हणाले, अनुभवाचा रकाना घरून भरून आण, उद्या सही करतो.

आंघोळ झाली तरी मी पाणी घेत राहिले, आईने दार वाजवेपर्यंत. घरघरीचा तो आवाज मला नवा नव्हता, हीच खरी अडचण होती. मी अकरा वर्षांची असताना काशीनाथकाका गेले. बाबांचे थोरले भाऊ, लग्न न केलेले, संस्कृत शिकवणारे, मला पेरूच्या फोडीवर मीठ लावून देणारे. झटका येऊन दोन दिवस पडून होते. श्वास चालू, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले सेवा करा. तेव्हा सगळ्यांनी एकेक पळी गंगा घातली, ओठांवर, बेताने, बरीचशी उशीवर सांडत. माझी पाळी आली तेव्हा मी बेत ठेवला नाही. काका तहानलेले असतील असं मला वाटलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी पळी काठोकाठ भरली आणि नीट आत ओतली, एकदा आणि परत एकदा. काकांच्या घशात घरघर झाली, छाती उचलली गेली, एक डोळा अर्धा उघडला. मी बाबांकडे बघितलं. आणि बाबा म्हणाले, "घेतलं." मग सगळेच म्हणाले, घेतलं, घेतलं, पोरीच्या हातचं घेतलं. थोड्या वेळाने काका गेले. वर्षभर लग्नामुंजीत बायका माझी हनुवटी धरून सांगायच्या, हीच ती, काशीनाथनं शेवटचं पाणी हिच्या हातचं घेतलं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

मग कोर्सच्या दुसऱ्या सहामाहीत प्लास्टिकच्या बाहुल्यासमोर उभं करून मॅडमनी सांगितलं, बेहोश मरीज़ के मुँह में कुछ नहीं, एक बूँद नहीं, सीधा फेफड़े में जाएगा. आणि तो आवाज कसा येतो ते त्यांनी घसा खरखरवून करून दाखवलं. वर्ग हसला. मी बाहेर जाऊन ओकले. अनिश, माझ्या शेजारी बसणारा, मागून पाण्याची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, कँटीनच्या समोश्यानेच झालं असणार. मी हो म्हणाले. तेव्हापासून मला कळत होतं की माझी सगळी किळस दुसऱ्यांची नव्हती. मी टॉवेलला, सायीला, घामाला नाकं मुरडत होते आणि खरी घाण माझ्या उजव्या हाताला होती, पळी धरणाऱ्या. ग्लव्हज त्यासाठी आवडत होते. आत काय आहे ते दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी करवंटीतले दात उकळत्या पाण्याने धुतले, स्वच्छ डबीत घातले आणि वॉर्डात गेले. आबा नाकाला ऑक्सिजन लावून उशीला टेकून बसले होते. बोळक्या तोंडाने ते फार लहान दिसत होते. कवळी लावून त्यांनी दोनदा दातावर दात वाजवले आणि म्हणाले, "आता माणसात आलो. काल कुणी पाणी पाजलं गं मला? घशात पान अडकलंय असं वाटतंय अजून." शरदिनीताई लाजल्या. म्हणाल्या, "मीच. मला वाटलं तुम्ही निघालात." मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, "हिनं सांगितलं म्हणून. नाहीतर मला काय कळणार होतं? समजा खरंच काही झालं असतं, तर तोंड कोरडं राहिलं असतं. तुझे उपकार आहेत हो माझ्यावर." त्यांनी माझा हात धरला, आज तो उघडा होता. त्यांच्या तळव्याला हळदीचा, डेटॉलचा आणि घामाचा वास होता आणि मला तो ओढून घ्यायचा होता. रात्रभर मी वाक्य तयार केलं होतं. ताई, मी जातायत म्हणाले ते दवाखान्यात, वर नाही. ऐकायला तर विनोदच. मी म्हणाले, "ताई, मी काल म्हणाले ना," आणि आबांना खोकला आला. ओला, खोल खोकला. त्यांनी रुमालात थुंकलं आणि रुमाल बघून घडी घातली. मी तो खोकला ओळखत होते. वाक्य तिथेच राहिलं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. छातीच्या फोटोत उजवीकडे पांढरं पसरलं होतं. चौथ्या दिवशी त्यांना आत अतिदक्षता विभागात नेलं आणि तोंडातून नळी घातली, कवळी पुन्हा काढून डबीत. एका उपाशी म्हाताऱ्याची साखर उतरली होती, बाकी काही नव्हतं. तो चहा पिऊन घरी जायचा. मी दरवाज्याच्या काचेतून बघायचे आणि निघून जायचे. शरदिनीताई बाकावर बसलेल्या असायच्या, मांडीवर तो गडू, झाकण वाकडं झालेला. मला त्या गडूचा राग यायचा, त्यांच्या शांतपणाचा यायचा, या गावाचा यायचा जिथे माणसं मरण न्यायला येतात आणि तांब्यात पाणी भरून घरी नेतात. आणि घाटाकडून येणारा ओल्या राखेचा वास, जो आम्हा इथल्या लोकांना कधी येत नाही, तो मला त्या आठवड्यात जेवताना यायला लागला. ताटावरून मी उठले तेव्हा आई मेथी निवडत होती. तिला मी सगळं सांगितलं, फक्त तो शब्द सोडून. ती म्हणाली, "पाजायच्या वेळी घेतलं ना त्यांनी? मग झालं. तू परेशान नको होऊस."

मी विचारलं, "आई, काकांनी खरंच घेतलं होतं?" ती काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "दोन दिवस ज्यांची पापणी हलली नाही ते काय घेणार? तू आख्खी पळी ओतलीस, त्यांना ठसका लागला. सगळ्यांना कळलं. तुला कळायला लागलं होतं, तुझा चेहरा तसा झाला होता. बाबा म्हणाले घेतलं, मग आम्हीही म्हणालो. पोरगी जन्मभर घेऊन बसली असती. तसे ते जाणारच होते." आणि मेथीची जुडी संपवून तिने कागद गोळा केला. म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लग्नामुंजीत हनुवटी धरणाऱ्या बायकांनाही असेल. मला दहा वर्षं एका गोड, चिकट खोट्यात गुंडाळून ठेवलं होतं, आणि मी ते चाटत मोठी झाले होते. मी आईला म्हणाले, "मला किळस येते तुमची." ती म्हणाली, "येऊ दे. हात धू आणि दोन घास खा."

त्या रागात मी इतके दिवस कोरं ठेवलेलं लॉगबुक उघडलं. अनुभवाच्या रकान्यात हिंदीत स्वच्छ लिहिलं की मरीज़ को करवट नहीं दी, बेटी के सवाल का ग़लत जवाब दिया, पानी हमारे सामने पिलाया गया, ज़िम्मेदारी मेरी. शब्द कोणता आणि तो दोन भाषांत कसा फिरला हेही लिहिलं. सकाळी सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "ये सब सच है?" मी हो म्हणाले. मग म्हणाले, "इसमें मेरी सीढ़ी भी है, बेटा. फाड़ के दूसरा लिख दो, अभी साइन करता हूँ. नहीं तो मैं नहीं करूँगा, और तुम्हारा महीना गया." मी पान फाडलं नाही. त्यांनी लॉगबुक परत दिलं, रागावले नाहीत, उलट चहा पाजला. महिना गेला. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, आणि जे बरं वाटेल असं वाटलं होतं तेही वाटलं नाही. कागदाला खरं सांगणं तसं सोपं असतं. खरं ऐकायचा हक्क ज्या बाईचा होता ती वरच्या मजल्यावर बाकावर बसली होती.

सवयीने हातांत ग्लव्हज चढवून मी जिना चढले. आज सांगायचंच होतं. वाक्य आता नीट मराठीत बसलं होतं, कुठे फसवं नव्हतं. आमच्या घरच्यांसारखं मी करणार नव्हते. दाराशी पोहोचले तेव्हा नर्स पडदा ओढत होती. आबा पहाटे गेले होते. शरदिनीताई बाकावरच होत्या, डोळे कोरडे, पदर नीट खोचलेला. शेजारी दातांची डबी. मला बघून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आलीस? भाऊ विमानानं निघालाय, संध्याकाळी मणिकर्णिकेला न्यायचं." मग म्हणाल्या, "शेवटी तोंडात पाणी घालता आलं नाही गं. नळी होती ना. जागाच नव्हती. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, नाही चालणार." मी म्हणाले, "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय." त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नव्हतं. त्या माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होत्या. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू जवळ होतीस. मी फार घाई केली का? डॉक्टर काल काहीतरी म्हणत होते पाण्याचं, फुप्फुसाचं. मला नीट समजलं नाही. रात्रभर तोच आवाज येतोय कानात. तो आवाज कसला होता गं? घेतलं ना त्यांनी?"

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो त्यांनी पदराखाली धरला होता, अंगापासून थोडा लांब, जसा मी दहा वर्षं धरते. जातायतचा अर्थ मी आता सांगितला असता, माझी चूक माझ्या नावावर घेतली असती, तरी गडू काही माझ्या हातात नव्हता. चूक कुणाचीही असो, आवाज त्यांनाच येणार होता, आंघोळ करताना, नातवाला दूध पाजताना, कराडच्या घरात, जन्मभर. मला बाबांचा त्या दिवशीचा चेहरा आठवला, मी वळून बघितलं तेव्हाचा. भाऊ समोर पडलेला, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो ताई. घेतलं."

त्यांचे खांदे खाली आले. मग त्या रडल्या, पहिल्यांदाच, माझ्या एप्रनला तोंड लावून, नाक, लाळ सगळं. मी त्यांना ढकललं नाही. मला शिसारी येत होती, त्या ओल्याची, त्याहून माझ्या तोंडातल्या त्या शब्दाची, आणि मी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून उभी राहिले. जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले, बाकावरचा गडू उचलला आणि माझ्यापुढे धरला. "थोडी उरलीय तळाशी," त्या म्हणाल्या. "झाकण मोडलंय, गाडीत सांडेल. तू ठेव. तुझ्यामुळंच त्यांना मिळाली." गंगेपासून चार गल्ल्यांवर राहणाऱ्या मुलीला त्या गंगा देत होत्या. मी ग्लव्हज काढले, कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि दोन्ही हात पुढे करून गडू घेतला.